मदत हवी आहे: मॅग्नेटोच्या पी-लीडची (स्विच बंद केला की मॅग्नेटोला ग्राउंड करून थांबवणाऱ्या तारेची) शिल्ड, म्हणजे तिच्याभोवतीचे धातूचे आवरण, दोन्ही टोकांना ग्राउंड करावी का?

स्वतः बांधलेल्या दोन आसनी कंपोझिट विमानात दोन मॅग्नेटो (स्पार्क प्लगना ठिणगीसाठी वीज देणारी यंत्रे) असून, इंजिन सुरू असताना रेडिओत टकटक ऐकू येते व आरपीएमबरोबर तिचा वेग वाढतो. स्विच फक्त डाव्या मॅग्नेटोवर घेतला की ती थांबते, फक्त उजव्यावर घेतला की कायम राहते. अल्टरनेटरचे फील्ड बंद करून त्याची वीजनिर्मिती थांबवली तरी फरक पडत नाही. स्पार्क प्लग रेझिस्टरवाले आहेत, प्लगच्या वायरींची शिल्ड अखंड आहे, आणि इंजिनापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत जाड ग्राउंड पट्टी आहे.

उजव्या पी-लीडची शिल्ड मॅग्नेटोच्या बॉडीला घट्ट जोडलेली आहे. स्विचकडे मात्र ती कापून मोकळी सोडली आहे आणि स्विचचे ग्राउंड पॅनलच्या सामाईक ग्राउंडवरून घेतले आहे. सांगाडा धातूचा नसल्याने परतीचा मार्ग लांबून जातो. पी-लीडमध्ये फिल्टर किंवा जादा जोड नको, कारण ती तार तुटली तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि प्रोपेलरला हात लावणाऱ्याच्या जिवाशी गाठ पडते.

तर शिल्ड स्विचच्या ग्राउंड टर्मिनलला जोडून तोच परतीचा एकमेव मार्ग ठेवावा, की पॅनलचे ग्राउंडही सोबत राहू द्यावे? एकमेव मार्ग ठेवल्यास, शिल्ड तुटल्याचे उड्डाणापूर्वीच्या तपासणीत खात्रीने कसे ओळखावे?