नाव बदललं, हाडांचं काय?

शोधयात्री:
जैविक मानवशास्त्राच्या, म्हणजे माणसाचं शरीर आणि हाडं अभ्यासणाऱ्या शास्त्राच्या, अमेरिकन संघटनेने २०२१ मध्ये नावातलं 'शारीरिक' काढून 'जैविक' केलं. पुढच्या वर्षी तिच्या नियतकालिकानेही तेच केलं. चांगलं झालं. पण ते नियतकालिक १९१८ मध्ये सुरू करणाऱ्या आलेश हर्डलिच्कांनीच १९३०च्या दशकात अलास्कातल्या लार्सन बे गावातून शेकडो पूर्वजांचे सांगाडे उकरून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात नेले. गावाची संमती नव्हती. ते परत मिळायला १९९१ उजाडलं. संमतीशिवाय जमवलेल्या हाडांवरचे नवे शोधनिबंध संघटनेने छापूच नयेत, असं माझं मत आहे.

कातळ:
सरसकट बंदीला माझा ठाम विरोध. स्मिथसोनियनमधल्या टेरी संग्रहात १,७२८ सांगाडे आहेत, पुष्कळसे सेंट लुइसच्या बेवारस मृतांचे. अन्याय झाला, मान्य. पण मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डीन ग्लेसर यांनी १९५२ मध्ये हाडांच्या लांबीवरून उंची काढायची सूत्रं दिली, ती हा संग्रह आणि युद्धात पडलेले सैनिक यांच्यावरूनच. अनोळखी मृतदेहांची ओळख पटवायला ती वर्षानुवर्षं वापरली गेली. त्यांत एक चूक होती. नडगीचं हाड मोजताना घोट्याजवळचं खाली उतरलेलं टोक धरलंच नव्हतं, त्यामुळे हाड नीट मोजून सूत्रात घातलं की माणूस दोन-तीन सेंटिमीटर जास्त उंच निघायचा. १९९०च्या दशकात तीच हाडं पुन्हा मोजली म्हणून हे उघड झालं. तुमचा नियम असता तर हे छापलं तरी गेलं असतं का?

निशिगंध:
@कातळ, चूक दुरुस्त करायला मोजणं वेगळं आणि हाताशी आहेत म्हणून त्याच गरिबांवर निबंधामागून निबंध काढणं वेगळं. तुम्ही दोन्ही एकाच मापाने तोलताय.

वसुधा:
मग माँटेग्यू कॉब यांना कुठे बसवायचं? कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्सच्या वेगाचं श्रेय वंशाला देणाऱ्यांना १९३६ मध्ये प्रत्यक्ष त्याची मापं घेऊन उत्तर देणारे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ, पुढे याच संघटनेचे अध्यक्ष. हॉवर्ड विद्यापीठातला सांगाड्यांचा संग्रह त्यांनीच उभा केला, तोही वॉशिंग्टनच्या बेवारस मृतांचा.

शोधयात्री:
कॉब यांच्याबद्दल आदर आहेच. पण त्या मृतांना तरी कुणी विचारलं होतं? बरं, बंदी नको म्हणता, तर निदान ही माणसं कोण होती आणि वंशजांचा शोध घेतला का, हे निबंधात लिहिणं सक्तीचं करा.

कातळ:
बेवारसांचे वंशज आणायचे कुठून?

निशिगंध:
टेरी संग्रहाच्या नोंदींत नाव, वय, मृत्यूचं कारण आहे. वय आधीच माहीत आहे म्हणून तर हाडांवरून वय ओळखायच्या पद्धती तपासायला संशोधक तिथे जातात. तीच नोंद नातवंडं शोधायला का चालू नये?