नमुना उत्खननासाठी खोका, थर आणि नोंदी: सल्ला हवा

खापरवेडी: मानवशास्त्र आणि पुरातत्त्व मिळून आमची एकच विद्यार्थी संघटना आहे. नव्या वीसेक मुलांसाठी दोन दिवसांचं नमुना (म्हणजे सरावाचं, बनावट) उत्खनन ठेवायचंय. खोका केवढा करावा, थर कसे भरावेत? आणि मानवशास्त्राची मुलं नुसती कडेला उभी राहू नयेत, त्यासाठी काय करता येईल?

चौथा थर: आधी एक, खरी जमीन खणू नका. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय खाली काही असलंच तर सरावापायी त्याचा संदर्भ (ते कुठल्या थरात, कशासोबत होतं ते) कायमचा जातो. फळ्यांचा खोका करा: २ मी. × १ मी., उंची ५० सेंमी, तळाला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड). एकावर एका वेळी चारच जण मावतात, म्हणून दोन खोके करा; बाकीचे चाळणी, रेखाटन आणि नोंदींवर. ४५ सेंमी भरलंत तर एका खोक्याला ०.९ घनमीटर माल लागतो, वजन साधारण दीड टन. लांब बाजूंना बाहेरून टेकू दिले नाहीत तर फळ्या फुगतात.

खाली चिकणमाती, मध्ये राख-कोळसा मिसळलेली माती, वर वाळू. प्रत्येकी १५ सेंमी. प्रत्येक थर पाणी शिंपडून धुमसाने चोपा. भुसभुशीत राहिला तर वस्तू खालच्या थरात घसरतात आणि मुलांनी नोंद बरोबर करूनही उत्तर चुकतं.

खरी गंमत खड्ड्यात आहे. खालचे दोन थर भरून झाले की ३० सेंमी रुंद, २५ सेंमी खोल खड्डा घ्या, तळाशी 'नंतरच्या काळातली' वस्तू ठेवा, वेगळ्या रंगाच्या मातीने बुजवा आणि मगच वाळू टाका. 'खोल सापडलं म्हणजे जुनं' हा समज तिथेच मोडतो. खड्ड्याची कड सुकल्यावर दिसेनाशी होते, फवाऱ्याने हलकं पाणी मारा.

वस्तू कमीच पुरा, खोक्याला पंधरा-वीस खापरं भरपूर झाली. जास्त असली की मुलं थर सोडून वस्तूंमागे लागतात. प्रत्येक खापरावर आतून रंगाचा ठिपका द्या, म्हणजे विभागाच्या खऱ्या संग्रहात ती मिसळणार नाहीत.

ओळंबा: वरच्या सगळ्याला +१. खोका ठोकताना दोन्ही कर्ण मोजा, २.२४ मी. आले की काटकोन बरोबर. आराखडा (वरून दिसणारं चित्र) १:२०, छेद (उभ्या बाजूला दिसणाऱ्या थरांचं चित्र) १:१० प्रमाणात काढा. २ मीटरचा छेद कागदावर २० सेंमी होतो, ए४ आडवा धरला की मावतो. खड्डा आधी अर्धाच रिकामा करायचा, उरलेल्या अर्ध्याचा उभा छेद काढायचा, मग बाकीचा. खड्ड्याचा काप (खणल्याने झालेली कड) आणि त्यातला भराव यांना वेगळे क्रमांक. हे चुकलं की संध्याकाळी हॅरिस मॅट्रिक्स (कुठला थर आधीचा, कुठला नंतरचा हे दाखवणारी आकृती; एडवर्ड हॅरिस, १९७३) जुळत नाही.

चार इंची टोकदार थापी धारेने स्वतःकडे ओढायची, टोचायची नाही. चाळणी ५ मिमीची. ओली चिकणमाती तिच्यात बसते, ती हाताने फोडून बघावी. पिशवीत एक चिठ्ठी, बाहेर एक. दोन्ही पेन्सिलने, शाई ओलीत पसरते.

वहीपेन: मानवशास्त्रवाल्यांना दोन कामं. खोका भरणारे तिघे 'गावकरी' होतील, प्रत्येकाकडे खड्ड्याबद्दल वेगळी आठवण लिहिलेलं कार्ड असेल. मुलं प्रत्येकाची वीस मिनिटं मुलाखत घेतील आणि दुसऱ्या दिवशी ती मॅट्रिक्सशी ताडून बघतील. दुसरं काम खणणाऱ्यांच्या निरीक्षणाचं: काय फेकायचं हे कोण ठरवतं, वही कोणाच्या हातात असते? त्याआधी संमती घ्या, टिपणांत नावं नकोत, मध्येच नको म्हणायची मुभा ठेवा. दफन दाखवायचंच असेल तर प्लास्टिकचा सांगाडा आणि आधी कल्पना देऊन. खरी हाडं अजिबात नकोत.

खापरवेडी: पावसाचं काय? आणि भरणाऱ्यांनाच उत्तर माहीत असणार ना?

चौथा थर: ताडपत्री मधोमध उंच ठेवून ताणा, सपाट टाकलीत तर पाणी साचून खोक्यातच उतरतं. भरणाऱ्यांना खणायला देऊ नका. त्यांनी प्रत्येक थराचा फोटो, उंची आणि वस्तूंच्या जागा लिहून पाकीट बंद करावं. मॅट्रिक्स पूर्ण झाल्यावरच ते उघडा.