लिझार्डच्या समुद्रवाटेवर चालून बागेत चहा घ्यायचाय, गुडघ्यांना झेपेल का?

बाळीवेस_अक्का:
नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे, बाळीवेशीतले. लेक-जावई इंग्लंडात एक्सेटरला असतात. मे महिन्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे निघालोय, इथला उन्हाळाही तेवढाच चुकेल. लेकीच्या मनात आहे की कॉर्नवॉलला लिझार्डच्या टोकापर्यंत जायचं, समुद्रकाठच्या पायवाटेनं थोडं चालायचं आणि कुणाच्या तरी घरच्या बागेत बसून चहा घ्यायचा. मला फार हौस आहे. पण ह्यांचे गुडघे दुखतात आणि आम्ही दोघंही अंडं खात नाही. कुणी जाऊन आलंय का? कुठून कुठवर चालावं?

होटगीरोडकर:
अक्का, मे चांगला महिना आहे. अशा बागा बहुतेक ईस्टर ते ऑक्टोबर एवढ्याच चालू असतात. ऊन असलं तरी वाऱ्याचं जाकीट घ्याच. एक्सेटरहून गाडीनं अडीच-तीन तास लागतात, तेव्हा एक रात्र तिकडंच मुक्काम करा.

नवीपेठ_ते_फालमथ:
अक्का, मी नोकरीनिमित्त कॉर्नवॉलमधल्याच फालमथला राहिलोय आणि सुट्टीच्या दिवशी लिझार्डलाच पळायचो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी गुडघ्यांचं. ही वाट माइनहेड गावापासून पूल नावाच्या गावापर्यंत ६३० मैल, म्हणजे हजारावर किलोमीटर जाते. चोरट्या मालाच्या होड्यांवर नजर ठेवायला किनारारक्षक हिच्यावरून गस्त घालत. प्रत्येक खाचखळग्यात डोकावता यावं म्हणून वाट कड्याच्या अगदी कडेनं जाते आणि प्रत्येक ओढ्याशी खाली उतरून पुन्हा वर चढते. नकाशावर दोन किलोमीटर दिसले म्हणून सपाट रस्त्याचा हिशेब लावू नका. काकांना हातात काठी द्या, आणि उतारावर घाई नको.

तुमच्यासाठी माझ्या मते हा टप्पा: गावातल्या हिरवळीपाशी गाडी लावा, लिझार्डच्या टोकाला उतरा आणि तिथून पूर्वेकडं वळा. ब्रिटनच्या मुख्य भूमीचं हे सगळ्यात दक्षिणेचं टोक. दीपगृह मागे टाकलं की हाउसेल बेची उतरण लागते, चढ-उतार खरा तिथंच आहे. पुढं बास पॉइंटला मार्कोनीची छोटी लाकडी खोली आहे. जानेवारी १९०१ मध्ये आइल ऑफ वाइटहून, म्हणजे १८६ मैलांवरून, निघालेला बिनतारी संदेश इथं ऐकू आला. काकांना रेडिओची आवड असेल तर तिथून लवकर हलणार नाहीत बघा. मग लाइफबोट स्टेशन (समुद्रात अडकलेल्यांना वाचवणाऱ्या होडीचं ठाणं), चर्च कोव्ह आणि चर्चवरून गल्लीनं परत गावात. पाच-सहा किलोमीटर होतं सगळं. झेपत नसेल तर हाउसेल बेच्या आधीच मागं फिरा, टोकाचा समुद्र तेवढ्यातही मनसोक्त बघून होतो.

मे मध्ये कड्यांवर थ्रिफ्टची गुलाबी फुलं दाटीनं येतात. लाल चोचीचा, लाल पायांचा काळा कावळा दिसला तर थांबून बघा. तो चफ. कॉर्नवॉलमधून नाहीसा झाला होता, २००१ साली आपणहून लिझार्डला परतला.

आता चहा. बागेचं नाव देत नाही, कारण अशा जागा एखाद्या वर्षी चालू असतात, पुढच्या वर्षी नसतात. गावात विचारा. मी जिथं बसायचो तिथं घराच्या मागं लोखंडी टेबलं होती. दगडी भिंत वाऱ्याला अडवायची, त्यामुळे कड्यावर कान बधिर झालेला माणूस आत आला की एकदम उबेत यायचा. किटलीवर लोकरीची टोपी, दूध वेगळं, साखर वेगळी. चहा उकळलेला नसतो. कडक हवा असेल तर किटली पाच मिनिटं तशीच राहू द्या आणि दूध बेतानं घाला. गरम पाणी पुन्हा मागितलं तर आनंदानं आणून देतात.

सोबत स्कोन (भट्टीत भाजलेला छोटा, जाडसर गोल पाव), जॅम आणि क्लॉटेड क्रीम. हे क्रीम म्हणजे पसरट भांड्यात मंद आचेवर कित्येक तास तापवून निववलेली साय. वर पिवळसर पापुद्रा येतो, तो चमच्यानं मोडताना हाताला कळतो. कॉर्नवॉलच्या क्रीमला १९९८ साली नावाचं संरक्षण मिळालं, आपल्या चादरीला जीआय आहे तसंच. त्यात निदान ५५ टक्के स्निग्धांश असावाच लागतो. तिथं आधी जॅम, वर क्रीम. तुमच्या लेकीचं एक्सेटर शेजारच्या डेव्हन परगण्यात येतं, तिकडं आधी क्रीम. कॉर्नवॉलमध्ये बसून कॉर्नवॉलच्याच पद्धतीनं खा, घरच्या बाईला बरं वाटतं.

विडी_घरकुल:
अंड्याचं बघा की अक्का. स्कोनच्या पिठात पुष्कळदा अंडं असतं. नसलं तरी वरून चकाकी यायला अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो, म्हणून दोन्ही विचारा. तिकडं चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते, त्यात अंडं येतं. तेव्हा संकोच करू नका.

बाळीवेस_अक्का:
सगळ्यांचे लई आभार. ह्यांना मार्कोनीचं वाचून दाखवलं, आत्तापासूनच तयारीला लागलेत. एकच राहिलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेणारच आहे. ती त्या बागेत काढली तर चालेल का?

नवीपेठ_ते_फालमथ:
बागेत नको अक्का, तिथं त्यांच्याकडचंच खावं. वाटेवर कड्याशी बाक आहेत, तिथं सोडा शिदोरी. फक्त समुद्रपक्ष्यांकडं पाठ करू नका, गल हातातला घास उचलून नेतात. भाकरी-चटणी विमानातून न्यायला हरकत नाही, पण पेढे, खवा, दुधाचं काहीही भारतातून तिकडं नेता येत नाही, ते बॅगेतून काढा. आणि मे मध्ये नऊपर्यंत उजेड असतो म्हणून निवांत राहू नका. बागा साडेचार-पाचला बंद होतात. दहाला चालायला लागा, तीनच्या आत टेबल धरा.