काडी वितळते, डाख मात्र धरत नाही

चांदीच्या टॉप्सची काडी (कानाच्या भोकात जाते ती मागची तार) वितळून गोळा झाली आणि डाख, म्हणजे सांधा जोडणारा मिश्रधातू, पत्र्याला धरलाच नाही, असं तुम्ही लिहिलंय. ज्योत बहुधा काडीवर राहिली. डाख जास्त तापलेल्या धातूकडे पळतो, आणि बारीक तार पत्र्याच्या कितीतरी आधी तापते. ९२५ चांदी (९२.५ टक्के शुद्ध) ८०० अंशांच्या आसपास वितळायला लागते, ‘ईझी’ म्हणजे लवकर वितळणारा डाख ७०० च्या जरा पुढे. एवढीच काय ती सवड!

म्हणून आधी नुसत्या पत्र्यावर टाकणखार (बोरॅक्स) लावून मोहरीएवढा डाख वितळवून घ्या. मग काडीचं टोक टाकणखारात बुडवून चिमट्यात धरा, ज्योत पत्र्याभोवती गोल फिरवत ठेवा. डाख चकाकून पसरला की काडी टेकवा, ज्योत बाजूला घ्या आणि तो गोठेपर्यंत हात अजिबात हलवू नका. हा क्षण सगळ्यात अवघड, पण सरावाने जमतो.

तापल्यावर काडी मऊ पडते. गार झाल्यावर पक्कडीत धरून हलका अर्धा पीळ द्या, ती कडक होते आणि सांधा कच्चा असेल तर तेव्हाच कळतं.

आणि डाख घेताना कॅडमियम नसलेलाच मागा. कॅडमियमचा धूर फार विषारी असतो. खिडकी तर उघडी हवीच.