मदत मागू नका, आधी दाखवा
भाऊ, तुम्ही म्हणता पन्नास कंपन्यांना 'ओपन सोर्सला मदत करा' म्हणून मेल टाकले आणि एकाचंही उत्तर नाही. अहो मदत मागूच नका, त्यांचं काय काय या खुल्या, कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या कोडवर चालतं ते आधी दाखवा. मी धुळ्यात एका तेल गिरणीवाल्या शेठकडे गेलो होतो, त्यांचं बिलिंग, वजनकाट्याची नोंद सगळं लिनक्स (ऑपरेटिंग सिस्टीम) आणि मारियाडीबी (डेटाबेस) या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर, स्क्रीनवर उघडून दाखवलं तर ते म्हणे "मंग हाई कोनं शे?" म्हणजे मग हे कुणाचं आहे? बस, तिथूनच बोलणं सुरू झालं. २०१४ चं हार्टब्लीड पण सांगा, म्हणजे वेबसाइटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स कोडमध्ये सापडलेली मोठी सुरक्षेची चूक; कितीतरी वेबसाइट त्यावर आणि ते सांभाळणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी.

आणि सीएसआर (कंपन्यांनी कायद्याप्रमाणे समाजकामावर करायचा खर्च) नि स्पॉन्सरशिप एकात मिसळू नका हो. कंपनीला लोगो, स्टॉल, जाहिरात हवी असेल तर तो खर्च सीएसआरमध्ये बसत नाही, तो मार्केटिंगच्या बजेटमधून मागायचा. सीएसआरसाठी संस्थेला १२ए, ८०जी (या दोन्ही आयकर खात्याकडच्या नोंदण्या), तीन वर्षांचं काम आणि सीएसआर-१ या सरकारी फॉर्मची नोंदणी लागते, आणि कामही शिक्षणासारखं, कायद्यातल्या यादीत बसणारं हवं, म्हणजे कॉलेजच्या पोरांना शिकवणं वगैरे. तुमची ८०जी झाली आहे का? नसेल तर आधी सीएला गाठा.