'अपौरुषेय' फक्त वेदांनाच लावायचा का?

प्रश्न : एका लेखात 'कुराण मुसलमानांसाठी अपौरुषेय आहे' असं वाचलं. मग बायबललाही हाच शब्द चालेल का? हिंदू माणसाने दुसऱ्यांच्या ग्रंथाबद्दल बोलताना नेमकं काय म्हणायचं?

– बोलताना चालून जातं, पण शास्त्रात गडबड आहे. अपौरुषेय म्हणजे 'देवाने सांगितलेलं' नाही हो, सगळे तसाच वापरतात ते सोडा. मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनवाल्यांच्या, मते ज्याला कर्ताच नाही ते अपौरुषेय, माणूस नाही आणि देवही नाही, कारण कर्ता आला की चूक, फसवणूक सगळ्याची शक्यता आली. म्हणून ऋषी मंत्रद्रष्टे, मंत्र रचणारे नव्हे, नुसते पाहणारे. कुराणात अल्ला बोलतो अशी श्रद्धा आहे, तर ईश्वरप्रोक्त म्हणा. बायबलमधली काही पत्रं तर पौलाच्या नावावरच आहेत, तिथे 'ईश्वरप्रेरित' बरा.

– म्हणजे मीमांसकांच्या हिशेबात बाकी सगळे बाद?

– जवळजवळ. मीमांसक कुमारिल भट्ट तर म्हणतो, बौद्धांच्या ग्रंथात अहिंसा वगैरे चांगलं असलं तरी ते कुत्र्याच्या कातड्याच्या पिशवीतलं दूध. कडक माणूस! पण हिंदू मत म्हणजे एकटा कुमारिल नव्हे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, वेदालाही कर्ता मानतात, ईश्वर, आणि शब्द, म्हणजे कुणाचं सांगणं, प्रमाण कशामुळे तर सांगणारा 'आप्त' आहे म्हणून, म्हणजे जाणकार आणि खरं बोलणारा. एकदा हा निकष धरला की इतरांच्या ग्रंथांना दार किलकिलं होतं. ९व्या शतकात काश्मीरचा नैयायिक जयंत भट्ट 'न्यायमंजरी'त हाच वाद घालतो, सगळे आगम, म्हणजे धर्मग्रंथ, एकाच ईश्वराचे आणि माणसांची कुवत वेगळी म्हणून वाटा वेगळ्या, हेही मत त्यात आलंय. अर्थात सरसकट पास नाही, ग्रंथ नवाकोरा नको, लोभापायी रचलेला नको, भल्या लोकांनी मानलेला हवा. एकाच निळ्या वस्त्रात जोडीने गुंडाळून फिरणारे नीलांबर पंथाचे लोक काश्मीरचा राजा शंकरवर्मा याने बंद पाडले, ते जयंताला पटलेलंच होतं.

– मराठीत बघा ना, फादर स्टीफन्सच्या १६१६ सालच्या ओवीबद्ध ग्रंथाला आपण 'ख्रिस्तपुराण' म्हणतो, ख्रिस्तवेद नाही. पुराण म्हटलं की कथा ऐकायला कुणाची हरकत नसते, वेदाशी बरोबरीचा प्रश्नच येत नाही. विनोबांनी आणखी वेगळं केलं, 'कुराणसार', 'ख्रिस्तधर्मसार'. मला 'सार' हाच शब्द सगळ्यात हिंदू वाटतो, आदराने वाचायचं आणि आपल्याला भावेल ते निवडायचं, गीतेचंही आपण तेच करतो.

– आपल्याला भावतो, ठीक. पण ज्याच्यासाठी अक्षर न् अक्षर ईश्वराचं आहे त्याने विचारलं की बाकीचा चोथा का, तर काय सांगणार?