मदत हवी आहे: ऑइल पोर्ट्रेटमध्ये सावली राखाडी पडतीय (अर्जंट)

कृष्णाकाठचा_पप्या: रेम्ब्रांट या जुन्या डच चित्रकाराचा म्हातारा कॉपी करायला घेतलाय. ग्रिड टाकून ड्रॉइंग केलंय, ते बरोबर आलंय, पण चेहऱ्याची सावलीतली बाजू मेलेली दिसतीय, आणि वरनं परत रंग मारला की खालचा उकलून वर येतो न सगळा चिखल होतो. यूट्यूबवर सगळे फटाफट करतात राव. रविवारी सरांना दाखवायचंय, लवकर सांगा.

मिरजेचा_तंबोरा: कुठला म्हातारा? स्वतःचीच 40च्या आसपास पेंटिंग्ज केलीत त्यानं. रंग कुठले, तेल कुठलं, बघून काय काढतोयस? फोटो टाक.

कृष्णाकाठचा_पप्या: पागोटंवाला, हातात कागद आहेत तो, 1661चा. रंग नेहमीचेच. बघायला कलर प्रिंट काढलीय. फोटो अपलोड होईना.

तासगावी_बेदाणा: कॉपी करून कोण शिकलंय? आरसा घे न स्वतःचं थोबाड काढ. पांढरा, यलो ऑकर, लाल, काळा, बास. झॉर्न नावाच्या स्वीडिश चित्रकारानं एवढ्यावर कसले चेहरे काढलेत बघ जरा.

वाईकर_काकू: काहीही काय, युरोपात म्युझियममध्ये बसून कॉपी करतच शिकायचे. पप्या, तू एकदा साताऱ्याकडच्या औंधला जाऊन ये बाळा, तिथले राजे पंतप्रतिनिधींनी 1938 साली काढलेलं म्युझियम आहे, रविवर्म्याची ओरिजिनल आहेत. प्रिंट बघून कातडीचा रंग कळत नसतो.

रंगीला_इस्लामपूर: ऑइलचा नाद सोडा, ॲक्रिलिक घ्या, अर्ध्या तासात वाळतंय. आहे त्याच्यावरच मारा.

मिरजेचा_तंबोरा: @रंगीला ऑइलवर ॲक्रिलिक धरत नाही, पापुद्रे सुटतील. पोराला फसवू नका. पप्या, तेल कुठलं ते सांग की!

कृष्णाकाठचा_पप्या: बेलतेल, म्हणजे दाराखिडक्यांच्या रंगात घालायचं उकळलेलं जवसाचं तेल, हार्डवेअरच्या दुकानातलं. सावलीत आयव्हरी ब्लॅक आणि व्हाइट मारलाय, प्रिंटमध्ये तसंच दिसतंय.

मिरजेचा_तंबोरा: मग बरोबर आहे, राखाडीच होणार. सावलीत पांढरा घालायचाच नाही. रेम्ब्रांटचा अंधार पातळ असतो, आरपार दिसणारा, न जाड रंग कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, जिथं उजेड पडतो तिथं. सावलीतलं सगळं चाकूनं खरवड, चिंधीला टर्पेंटाइन लावून पूस, मग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) पातळ करून लाव आणि दोन-तीन दिवस हात लावू नको. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक वाळायला लई चिवट. बेलतेल दाराला ठेव, त्यात ड्रायर असतात, पिवळं पडतं. आर्टच्या दुकानातलं साधं लिनसीड आण, तेही वरच्या थरालाच. प्रिंट फेक, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर हेच चित्र मोठ्या साइजमध्ये फुकट मिळतं.

तासगावी_बेदाणा: म्हणजे माझेच चार रंग झाले न वर अंबर.

मिरजेचा_तंबोरा: ते अंबरच तर पाहिजे होतं मालक.

हरिपूरकर: सध्याच्या दमट हवेत काही वाळत नसतंय. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती झालं ओ?

तासगावी_बेदाणा: 40 फुटाला इशारा पातळी, अजून लांब आहे.

कृष्णाकाठचा_पप्या: खरवडलं तर अख्खा गाल जाईल, रविवारी काय दाखवू?

मिरजेचा_तंबोरा: गाल जाऊ दे. डोळा जमला असेल तर त्याच्या आसपास चाकू नेऊ नको, तिथं चिंधीच वापर.

रंगीला_इस्लामपूर: सांगलीत फ्रेम स्वस्तात कोण करून देतं?